वेलिकाला सीमेची तार बघायची होती

वेलिका केहायोवा माझी शेजारीण. आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे आणि त्या भिंतीवरून तिनं मला जन्मभर सुनावलंय. तिचं आयुष्य सांगायला फार वेळ लागू नये, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. तंबाखूच्या गोदामात पानं निवडली, मग शिवणकारखान्यात गेली. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं. मी पावाची गाडी चालवायचो. शहरातल्या भट्टीतून पाव उचलायचे आणि डोंगरातल्या गावांना पोचवायचे, एवढंच माझं काम.

गाव आमचं बल्गेरियातल्या रोदोपीच्या डोंगरात, अगदी ग्रीसच्या सीमेला टेकलेलं. वरच्या पठारावर उभं राहिलं की पलीकडच्या देशातली कुरणं दिसतात, चरणारी मेंढरंसुद्धा मोजता येतील इतकी जवळ. पण आमच्या लहानपणी, कम्युनिस्टांच्या राज्यात, पठारावर जायची सोय नव्हती. काटेरी तार होती, पावलांचे ठसे उमटावेत म्हणून नांगरून गुळगुळीत केलेली मातीची पट्टी होती, कुत्री होती, बंदूकवाले सैनिक होते. गावात मामा यायचा म्हटला तरी त्याला परवाना काढावा लागायचा.

वेलिकाचा थोरला भाऊ कालिन गवंडीकाम करायचा. बावीस वर्षांचा, उंचापुरा, हात केवढाले. एका शरदात तो घरातून नाहीसा झाला. दोन-तीन दिवसांनी सैन्याचा ट्रक आला आणि त्यांच्या अंगणात एक पेटी उतरवली. खिळे ठोकून बंद केलेली.

"पळून जात होता," अधिकारी म्हणाला. "थांब म्हटलं, थांबला नाही. आजच पुरा. पेटी उघडायची नाही."

मी तेव्हा शाळकरी पोर, त्याच भिंतीवर बसून सगळं बघत होतो. कालिनची आई, झ्लाताकाकू, पेटीवर आडवी पडली. उघडा म्हणाली, मला एकदा बघू दे. अधिकारी सिगरेट ओढायला फाटकाबाहेर गेला, तेव्हा एका सैनिकाला तिची दया आली असावी. त्यानं पायाकडची एक फळी संगिनीनं थोडी उचकटली. काकूनं फटीतून हात आत घातला. आतलं पाऊल कापडात गुंडाळलेलं होतं, ते तिनं चाचपलं. मग ती उठून उभी राहिली. रडणं थांबलं होतं.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "हे पाऊल कालिनचं नाही. एवढंसं आहे."

तिच्या नवऱ्यानं, मिन्चोकाकानं, पुढं होऊन तिच्या तोंडावर हात दाबला. सैनिक ऐकत होते ना. फळी पुन्हा बसवली गेली. संध्याकाळच्या आत पेटी मातीत गेली, वर दगड आला, दगडावर कालिनचं नाव आलं.

काकू पुढं कित्येक वर्षं तेच म्हणत राहिली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. दुःखानं डोकं फिरलं, असं गावानं ठरवूनच टाकलं. वेलिका त्या वेळी तेरा वर्षांची होती. मोठी झाल्यावर तीच आईला दटावायची, "आई, पुरे झालं आता! लोक हसतात." शेवटी काकूनं बोलणं बंद केलं. मृतांच्या शनिवारी मात्र ती उकडलेले गोड गहू घेऊन कबरीवर जायची, मेणबत्ती लावायची, आणि प्रार्थनेत नाव घ्यायच्या जागी गप्प राहायची. विसरली असेल, असं आम्ही समजायचो.

नव्वदी पार करून काकू गेली. चाळीस दिवसांचं जेवण झालं, आणि दुसऱ्याच आठवड्यात वेलिका भिंतीवर कोपर टेकून उभी राहिली.

"मेतोदी, तुझी ती खटारा गाडी अजून चालते का रे?"

"खटारा कुणाला म्हणतेस? कुठं जायचंय?"

"समुद्रावर."

"या वयात? पोहायला?"

"गप रे. मला ती तार बघायचीय. सुरू कुठून होते, कुठून कुठून येते. माझ्या भावाला जिनं खाल्लं ती अख्खी एकदा डोळ्यांनी बघायचीय. आई होती तोवर उंबरा ओलांडता आला नाही. आता कोण अडवणार मला?"

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात बसून बायकोच्या पायात पायात येत होतो. बायकोनंच पिशवी भरून दिली.

काळ्या समुद्राच्या काठी, जिथं एक बारकी नदी समुद्राला मिळते, तिथून आम्ही सुरुवात केली. नदीच्या पल्याड तुर्कस्तान. तार राज्य बदललं तेव्हाच काढली होती, तिची वाट तेवढी उरली होती. तिथून पश्चिमेकडं, सीमेच्या कडेकडेनं. रस्ते कुठं होते, कुठं नुसतेच खड्डे. वेलिका प्रत्येक गावात उतरायची, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायची, तार कुठून गेली होती, कोण गेलं, काय झालं. एरवी अनोळखी माणसाशी न बोलणारी बाई, पण इथं तिच्या तोंडाला खळ नव्हता.

एका गावात एक आजी भेटली. तिच्या आजोबांचा द्राक्षमळा एका जुन्या लढाईनंतर नव्या रेषेच्या पलीकडं गेला. आजोबा रोज संध्याकाळी ओढ्याकाठी उभे राहून पलीकडच्या तुर्की गुराख्याला ओरडून विचारायचे, द्राक्षं पिकली का रे? तोही ओरडून सांगायचा. पुढं तार आली आणि ओरडायलाही बंदी आली. वेलिका हे ऐकून हसली, आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

स्त्रांजाच्या रानात सैन्याची एक ओसाड बराक लागली. छप्पर पडलेलं, खोल्यांत शेळ्या. त्या शेळ्या दिन्को नावाच्या माणसाच्या. याच बराकीत त्यानं तरुणपणी सैनिकाची नोकरी केली होती. मागं झुडपांत तारेचा एक तुकडा अजून उभा होता, खांबासकट. पुरुषभर उंचीचे खांब आणि वरचं टोक वाकवलेलं.

वेलिका खांबाला हात लावून उभी राहिली. वर बघितलं. मग वळून सूर्य कुठं आहे ते बघितलं.

"हे टोक आपल्या बाजूला का वाकलंय?" तिनं विचारलं.

दिन्को हसला. "मग कुठं वाकायला पाहिजे, ताई?"

"शत्रूकडं. शाळेत तर सांगायचे, शत्रू आत येऊ नये म्हणून तार आहे."

"शत्रू कोण येणार होता इथं? तार आपल्यासाठीच होती. आतून बाहेर चढता येऊ नये म्हणून टोक आत."

दिन्कोला बोलायला माणसं मिळाली होती.

"आणि ही काही सीमा नव्हे बरं का. खरी सीमा इथून पुढं, पायी चांगली तासाभराची वाट. बाहेरच्या लोकांना ते ठाऊक नसायचं. पूर्व जर्मनीची पोरंपोरी यायची, सुट्टीवर आलोय म्हणून. त्यांच्याकडच्या भिंतीपेक्षा ही तार त्यांना सोपी वाटायची. कशीतरी तार ओलांडायची आणि समजायची, सुटलो. मिठ्या मारायची, नाचायची. एकदा दोघांनी शेकोटी पेटवून कॉफी केली होती. आम्ही मागून गेलो तर आम्हाला तुर्की सैनिक समजून त्यांनी हात हलवला."

"मग?" वेलिकानं विचारलं.

दिन्कोनं शेळीच्या पाठीवरचे काटे काढायला सुरुवात केली. "मग काय. सांगितलेलं करायचो. चांगलं काम केलं तर घरी जायला रजा मिळायची."

"चांगलं काम म्हणजे?"

त्यानं आणखी एक काटा काढून झुडपात टाकला. वेलिका गाडीत येऊन बसली. आमच्याच शेतांवर, आमच्याच लोकांकडं तोंड करून ती तार उभी होती, आणि आम्ही तिच्या सावलीत वाढूनही टोक कुठं वळलंय हे कधी बघितलं नव्हतं.

पुढचे दिवस तिनं फारसं कुणाला काही विचारलं नाही. आमच्याच डोंगरात परत आलो तेव्हा मला वाटलं, झालं, आता घरी. पण घाटाच्या तोंडाशी ती म्हणाली, "पलीकडं जाऊ."

"ग्रीसमध्ये?"

"रस्ता उघडलाय ना आता? पलीकडून आपलं गाव कसं दिसतं ते बघायचंय. आणि पलीकडं पोचलेला एखादा तरी जिवंत माणूस बघायचाय. सगळेच मेले नसतील."

चौकीवर पोलिसानं ओळखपत्रं बघून न बघितल्यासारखी परत दिली. वेलिका खाली उतरली, चार पावलं पलीकडं चालत गेली, परत आली. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं?"

ग्रीसमधलं पहिलं गाव डोंगरउतारावरचं. तिथली जुनी माणसं आमचीच बोली बोलतात, जराशी वाकडी. कॉफीच्या दुकानात वेलिकानं मालकाला विचारलं, त्या काळात तारेपलीकडून आलेलं इथं कुणी आहे का?

"आहे की, आमचा बल्गेर," मालक म्हणाला. "वरच्या अंगाला, दगडाचं घर. गवंडी आहे. अर्धं गाव त्यानंच बांधलंय. पण बोलायला घुमा. बायको बोलते तेवढंच."

दगडाच्या घरासमोर एक पांढऱ्या केसांचा माणूस कुंपणाच्या भिंतीत दगड बसवत होता. मोठे हात. गाडीची नंबरपाटी बघून त्यानं हातोडी खाली ठेवली.

"तिकडून आलात?" त्यानं आमच्या भाषेत विचारलं.

"हो, इथून जवळूनच," वेलिका म्हणाली. "तुम्हाला त्रास द्यायचा नाही. तुम्ही तार ओलांडून आलात म्हणे. कसं आलात, एवढंच ऐकायचं होतं. माझा भाऊ नाही पोचला."

"कुठल्या गावच्या तुम्ही?"

तिनं गाव सांगितलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, तिनं नाही. ती पायरीवर रुमाल अंथरत होती.

"कुणाच्या?" तो म्हणाला.

"मिन्चो केहायाची लेक मी. धाकटी."

तो माणूस खालीच बसला. चुन्याच्या बादलीला धक्का लागला, चुना सांडला.

"वेले?" तो म्हणाला.

तिला घरच्यांशिवाय आणि माझ्याशिवाय वेले कुणी म्हणत नाही. ती वळली. तिनं त्याच्याकडं बघितलं. तिनं त्याला मिठी मारली नाही. रडली नाही. ती एवढंच म्हणाली:

"मग आम्ही पुरलं कुणाला?"

घरातून त्याची बायको एव्दोकिया धावत आली. तिला वाटलं, नवऱ्याला झटका आला. पाणी आणलं, खुर्च्या आणल्या. पाण्याचा घोट घेऊन कालिन म्हणाला:

"पेटीत दगड असतील असं मला वाटलं होतं. देवाशपथ, वेले. कुणी माणूस असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

पळून आल्यावर काही वर्षांनी लाकडाच्या ट्रकवर जाणाऱ्या एका ड्रायव्हरकडून त्याला कळलं होतं की गावात त्याची कबर आहे. सुरुवातीला तो हसला, मग त्यानं विचार केला. पळून गेलेल्यांच्या घरच्यांना त्या काळी गाडीत घालून दूर उत्तरेच्या मैदानात नेऊन टाकत. नोकरी नाही, शाळा नाही. तो मेला म्हणून घरचे वाचले होते.

"मग मेलेलाच राहिलो," तो म्हणाला.

"आणि नंतर? तार काढली तेव्हा? त्यालाही वीस वर्षं होऊन गेली."

"नंतर लाज वाटली."

"वीस वर्षं?"

"दर वर्षी जास्त वाटत गेली."

वेलिकानं त्याच्या बायकोनं दिलेला रुमाल घेऊन हात पुसले, पुन्हा पुन्हा, जणू हातांना काही लागलंय. "आई दोन महिन्यांपूर्वी गेली," ती म्हणाली. "तुझ्या या अंगणातून आमचं पठार दिसतं. तू रोज बघत होतास."

कालिननं मान खाली घातली. मग त्यानं ती सकाळ सांगितली. धुकं होतं. तो तारेखालून सरपटत गेला, पुढं झाडीत दडून राहिला. कुत्र्यांचा आवाज जवळ येत होता. आता धरणार असं वाटत असतानाच डावीकडून, ओढ्याच्या अंगानं, गोळ्यांचा आवाज आला. कुत्री तिकडं वळली, माणसंही तिकडं धावली. तो उठला आणि पळत सुटला.

"मला वाटलं, रानडुकरावर झाडल्या," तो म्हणाला आणि बोलता बोलता थांबला. आत्ता, आमच्यासमोर, त्याला ते उमगत होतं. त्याचे ते मोठे हात त्यानं तोंडावर घेतले. "माझ्या वाटणीच्या गोळ्या कुणीतरी खाल्ल्या, वेले. मी आजवर म्हणत होतो, नशीब."

त्या दिवशी परतताना घाट संपला. गाव दिसायला लागलं तेव्हा वेलिका म्हणाली, "आई बरोबर होती. मीच तिला गोळ्या चारल्या. बशीत घालून, पाण्याचा पेला हातात देऊन."

मी गाडी तिच्या फाटकाशी उभी केली.

सरकारदरबारी कबर उघडायची परवानगी मिळवायला दीड वर्ष गेलं. कचेरीत वेलिका रडायची नाही, भांडायची. "माझा भाऊ जिवंत आहे, त्याला घेऊन येऊ का तुमच्या टेबलावर बसवायला?" म्हणायची. शेवटी एक दिवस सोफियाहून हाडांची जाणकार डॉक्टरीण आली, दोन कामगार आले, सरकारी वकील आला. गावही लोटलं. पळून गेल्यापासून कालिन त्या दिवशी पहिल्यांदा गावात पाऊल ठेवत होता. लोकांनी वाट दिली, पण हात कुणी मिळवला नाही. "मेलास तेव्हा मी तुझ्यासाठी घंटा वाजवली होती रे," एक म्हातारा त्याच्या तोंडावर म्हणाला.

डॉक्टरीण कागदावर लिहून घेत होती. "इथं कोण पुरलंय असं नोंदवलंय?"

"मी," कालिन म्हणाला.

तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. कुणी हसलं नाही.

पेटीचं लाकूड कधीच कुजलं होतं. डॉक्टरीण खड्ड्यात उतरली, ब्रशनं माती झाडत बराच वेळ वाकून राहिली. मग तिनं हातमोजे काढले आणि वर आली. वकिलाच्या कानात काही सांगायला लागली, पण वेलिका मध्येच म्हणाली, "आम्हाला सांगा. आम्ही रडलोय हिच्यावर, तुम्ही नाही." तोंडातून 'हिच्यावर' कसं निघालं, तिलाच ठाऊक नाही.

डॉक्टरीण दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"ही मुलगी आहे. विशीच्या आतबाहेरची."

एका बाईच्या तोंडून हाय निघाली. पाद्र्यानं अंगावर क्रूसाची खूण केली आणि तो हात तसाच छातीशी राहिला. पंचेचाळीस वर्षं आम्ही सगळे त्या दगडासमोर टोपी काढत होतो, कालिन, कालिन म्हणत होतो, आणि खाली एक पोरगी होती. वेलिका खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली. पायांकडची हाडं अजून मातीत होती. बारीक, लहान. ती त्यांच्याकडं बघत राहिली.

दाढेत भरलेली चांदी आमच्याकडच्या दातांच्या डॉक्टरचं काम नव्हतं. बहुतेक जर्मन, असं ठरलं. नमुने तिकडं पाठवले. उत्तर आलं की कुणाशी जुळत नाही, शोध चालू आहे. आजही तेच उत्तर येतं. एका सैनिकी चौकीनं एका तरुणीला मारलं आणि त्याच सकाळी एक तरुण हातून निसटला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं तिलाच त्याच्या नावानं आमच्या दारात आणून टाकलं. त्याचं कारण वकिलानं एका वाक्यात सांगितलं: पळालेल्याचा जाब द्यावा लागला असता, मेलेल्याचा नाही. तो अधिकारी म्हातारपणी अंथरुणात वारला, असं कळलं.

कालिननं आपल्या नावाचा दगड स्वतःच्या हातानं फोडला आणि नवा घडवला. त्यावर 'मुलगी' एवढं एकच कोरलंय. तो रविवारी येतो. वेलिका त्याच्यासाठी किसलेल्या बटाट्याचा पाटनिक तव्यावर भाजते, वाढते, समोर बसते. मध्येच ताट बाजूला सारून विचारते, "आई वारली त्या दिवशी तू काय करत होतास?" तो आठवायचा प्रयत्न करतो. "कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर," म्हणतो. पुढच्या रविवारी ती पुन्हा तेच विचारते.

ही हकिगत वर्तमानपत्रात आली आणि गेल्या वसंतात वेलिकाच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. साठीची, काळी ओढणी, दूर पूर्वेकडच्या सीमेवरच्या गावाची. दोन बस बदलून आली होती. मी भिंतीपाशी कांदे लावत होतो. वेलिकानं तिला अंगणातच बसवलं, कॉफी ठेवली.

"माझे वडील," ती बाई म्हणाली. "मी दोन वर्षांची होते. आमच्याकडंही पेटी खिळे ठोकूनच आली होती."

वेलिकानं साखरेची वाटी तिच्यापुढं सरकवली.

"माझी आई अजून आहे. दर शनिवारी जाते कबरीवर, बोलते त्यांच्याशी. घरातलं सगळं सांगते." बाईनं कपाला हात लावला नाही. "तुम्ही मला एकच सांगा. उघडू का?"

वेलिकानं माझ्याकडं बघितलं. जन्मभर प्रत्येक गोष्टीवर जिच्याकडं उत्तर तयार असायचं, ती आमची वेलिका अंगणात तशीच बसून राहिली, आणि कॉफी दोघींच्या मध्ये निवत गेली.